दंडातली काडी

आमची सिस्टर फार चांगली बाई होती, असं आता जो तो म्हणतो. ज्यांनी तिच्या नावानं बोटं मोडली तेही म्हणतात. मला हसू येतं. चांगली बाई वेगळी असते. चांगली बाई कळा देणाऱ्या पोरीच्या मांडीवर सणसणीत चापट मारून 'घशात जोर आहे ना, तो खाली लाव' असं म्हणत नाही. मी त्या दवाखान्यात आया होते. रक्ताच्या चादरी धुणं, चिमटे-कात्र्या उकळणं, बादल्या रिकाम्या करणं, सगळं माझ्याकडे. त्यामुळे ती कशी होती ते मला विचारा.

तिला सगळे पाठीमागे पैलवान म्हणायचे. मी तोंडावरही म्हणायचे, पण तो मान माझ्या वयाचा. अंगानं आडवी, मनगटं जाड, चालायला लागली की औषधांच्या कपाटाची काच थरथरायची. पण नाव पडलं ते अंगावरून नाही. एकदा एका बाईला तिसरी मुलगी झाली. नवरा बाहेर बाकावर बसला होता, पिऊन आला होता. मुलगी झाली हे ऐकल्यावर तो दार ढकलून सरळ आत आला आणि टेबलावर पडलेल्या बायकोच्या पोटात त्यानं बुक्की मारली. वार अजून पडायची होती. सिस्टरनं हातातलं भांडं खाली ठेवलं, एका हातानं त्याची कॉलर आणि दुसऱ्या हातानं पट्टा धरला आणि पडवीतून फरफटत नेऊन पायऱ्यांवरून खाली सोडून दिला. त्याचे पुढचे दोन दात पायरीवर राहिले. मग तिनं हात धुतले, आत येऊन बाईचं सगळं नीट आटोपलं, आणि तासाभरानं त्याच माणसाचा फाटलेला ओठ शिवला. भूल न देता. मी विचारलं तर म्हणाली, "दारू प्यालाय ना, तीच भूल."

तिचा नवरा बसमध्ये कंडक्टर होता, बोटाएवढा माणूस. घरी स्वयंपाक तोच करायचा. कंपाउंडर म्हणायचा, तिकिटं फाडणारा नवरा आणि माणसं फाडणारी बायको, जोडा झकास जमलाय. तिच्या कानावर हे गेलं तेव्हा तीही हसली, आणि मग आठवडाभर कंपाउंडरला तिनं डबा खायलाही वेळ दिला नाही.

आमच्या वस्तीत बायकांना मार बसणं ही बातमी नव्हती. सकाळी केसपेपरच्या खिडकीपाशी रांग लागली की सुजलेले डोळे मोजायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं. 'पडले', 'दार लागलं', 'भांडं निसटलं'. ठरलेली उत्तरं. सिस्टर विचारायची, "भांड्याला बोटं होती का?" बाई खाली बघायची, आणि आम्ही मलम लावायचो.

आणि जिला मूल नको असेल तिची तर काही खैरच नसे. एकीनं गोळ्यांचं पाकीट पिठाच्या डब्यात लपवलं होतं. नवऱ्याला सापडलं. त्यानं तिला भिंतीशी बसवून सगळ्या गोळ्या एकदम गिळायला लावल्या, वर दोन बोटं घशात घालून गेल्या की नाही ते पाहिलं. ओकून ओकून तिच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. दुसरी दर तीन महिन्यांनी सुई घ्यायला यायची. तिच्या दिरानं तिला दवाखान्यातून बाहेर पडताना पाहिलं, तर त्याच संध्याकाळी तिचा पाय मोडला. सिस्टर प्लास्टर घालताना एक शब्द बोलली नाही. ती बोलत नसली की मला तिची जास्त भीती वाटायची.

म्हणून काडी आली तेव्हा ती लहान पोरीसारखी खूश झाली. काडी म्हणजे काडेपेटीतल्या काडीएवढी, प्लॅस्टिकची, मऊ. दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली सरकवून द्यायची. एकदा घातली की तीन वर्षं मूल राहत नाही, नको झालं की काढून टाकायची. घरात लपवायला काही नाही, घ्यायला विसरायला काही नाही, पुन्हा पुन्हा दवाखान्यात यायला नको. वरून दिसत नाही. बोट फिरवलं तरच लागते.

घोडं अडलं ते तिथेच. शिकवायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, ज्या हातानं बाई कमी काम करते त्या हातात घाला, म्हणजे बहुतेकींना डाव्या. सिस्टर तसंच करायची. एक दिवस एक बाई बाही वर करून बसली आणि जिथे काडी घालायची नेमक्या तिथे चार बोटं आणि एक अंगठा, निळे-काळे उमटलेले. सिस्टरनं आपली बोटं त्या निळ्या बोटांवर ठेवून पाहिली. बरोब्बर बसली. मग म्हणाली, "दुसरी बाही वर कर."

तेव्हापासून तिनं विचारायला सुरुवात केली. वजन, रक्तदाब, शेवटची पाळी कधी आली, आणि मग त्याच आवाजात, "नवरा कुठल्या दंडाला धरतो?"

सांगायची गोष्ट ही, की 'म्हणजे काय' असं एकीनंही विचारलं नाही. चपलेचा नंबर सांगावा तशा सांगायच्या. उजव्या. डाव्या. एक म्हणाली, आमचा केसांना धरतो. सिस्टर म्हणाली, "वा, भाग्यवान आहेस, दोन्ही दंड मोकळे." ती बाई इतकी हसली की टेबल हललं. मीही हसले. हसल्यावर मला स्वतःचाच राग आला, पण हसले.

आता शिंपिणीचं. ती आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची, हाताच्या मशीनवर शिवायची. दवाखान्याच्या फाटक्या चादरींना ठिगळं तीच लावायची, त्यामुळे आमच्याकडे येण्याजाण्याचं तिला निमित्त होतं. किडकिडीत, बोलायला कमी, पण बोलली की टोचून बोलायची. तीन मुली. नवरा आरागिरणीत लाकडं कापायचा. त्याला मुलगा हवा होता, त्याच्या आईला तर त्याच्याहून हवा होता.

तिसऱ्या बाळंतपणात शिंपिणीला जे रक्त गेलं ते मी माझ्या हातांनी पुसलंय. चादर, रबर, गादी, गादीखालची फळी. सिस्टरनं मूठ आत घालून, दुसऱ्या हातानं वरून पोट दाबून धरलं होतं, मोठ्या दवाखान्याची गाडी येईपर्यंत सोडलं नाही. गाडी आली तेव्हा तिची बोटं सरळ होईनात. शिंपीण वाचली. मोठ्या डॉक्टरांनी नवऱ्याला आणि सासूला समोर उभं करून सांगितलं, पुन्हा दिवस गेले तर ही बाई हाती लागायची नाही. सासू म्हणाली, "डॉक्टर लोक असंच म्हणतात. मी सात काढली."

ऑपरेशन करायचं तर चार माणसांना कळणार. आत बसवायची तांबी तिला चालणार नव्हती, पाळीत आधीच रक्त जायचं आणि अंगात रक्त नव्हतं. राहिली काडी. ती ठिगळांच्या चादरी घेऊन आली, गठ्ठा खाली ठेवला आणि बाही वर करून बसली.

"कुठल्या दंडाला?" सिस्टरनं विचारलं.

"डाव्या. उजव्या हातानं धरतो, भिंतीकडे नेतो, मग लाथा."

"कायम?"

"कायम. त्याच्या डाव्या हातात दम नाही."

"मग उजवीकडे घालते."

"मशीन मी उजव्यानं फिरवते, सिस्टर. दुखेल."

"दुखेल दोन-चार दिवस."

"घाला मग," शिंपीण म्हणाली. "दुखायची सवय आहे, मरायची नाही."

सिस्टरनं बधिर करायची सुई टोचली, जाड सुईचं ते हत्यार कातडीखाली सरकवलं, काडी आत सोडली, वर पट्टी बांधली. शिंपिणीनं शिवलेल्या चादरी मोजून दिल्या आणि गेली. त्यानंतर वर्ष गेलं. शिंपिणीच्या अंगावर थोडं मांस आलं. सासू आम्हाला गाठून विचारायची, सुनेची कूस का उजवत नाही, काही औषध द्या ना. सिस्टर तिला ताकदीच्या गोळ्या द्यायची, सासूलाच.

मग एका सकाळी आरागिरणीतली माणसं शिंपिणीच्या नवऱ्याला उचलून घेऊन आली. उजवा हात गोणपाटात गुंडाळलेला, गोणपाट रक्तानं आणि भुश्शानं लडबडलेला. फळी उसळली आणि पंजा पात्याखाली गेला. दोन बोटं गेली होती, तिसरं कातडीवर लोंबत होतं. त्या दिवशी नशिबानं डॉक्टर होते. त्यांनी शिवलं, सिस्टरनं जखमेतला भुस्सा चिमट्यानं कण कण करून काढला. तो गडी आईच्या नावानं टाहो फोडत होता. सिस्टरच्या पोटात तोंड खुपसून रडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, हेही मी पाहिलं. दुखणाऱ्या माणसावर ती कधी राग धरत नसे, दुखणं असेपर्यंत.

बँडेज बांधून झाल्यावर तिनं त्याला बजावलं, "नीट ऐक. हा हात वापरायचा नाही. काही उचलायचं नाही, काही धरायचं नाही, मूठ वळायची नाही. जे काय करायचं ते डाव्यानं. टाके उसवले तर पंजा जाईल." तो मान हलवत राहिला. दर दोन दिवसांनी ड्रेसिंगला यायला सांगितलं, तोही चुकला नाही. शहाण्या मुलासारखा यायचा, बाकावर बसायचा.

तिसऱ्या की चौथ्या ड्रेसिंगचा दिवस. रांग मोठी होती. डॉक्टर नव्हते. तो आत आला, स्टुलावर बसला आणि उजवा हात टेबलावर ठेवला. सिस्टरनं बँडेज सोडलं. मी शेजारी बादली घेऊन उभी होते. जखम चांगली भरत होती. बोटांच्या जागी दोन लाल, ओल्या खुंट्या, वर काळे टाके.

त्यानं डावा हात खिशात घातला आणि काहीतरी टेबलावर टाकलं. म्हणाला, "हे तुमचं का?"

काडी होती. वाळलेलं रक्त लागलेली. टोकाला मांसाचा कण होता.

सिस्टर काडीकडे पाहत राहिली. मग त्याच्या डाव्या हाताकडे. बाहीवर कोपरापर्यंत डाग होते, त्यानं धुवायचे कष्टही घेतले नव्हते.

"डाव्यानं धरलंस तिला," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक.

"तुम्हीच म्हणालात ना सिस्टर, उजवा वापरायचा नाही." तो हे टोमणा म्हणून बोलला नाही. खरंच सांगत होता. "डाव्यानं धरली तर अंगठ्याला लागलं. म्हटलं, हे काय? तर म्हणते शीर आहे. शीर अशी असते होय? मी लाकडातली गाठ हातानं ओळखतो."

सिस्टरनंच त्याला हात बदलायला लावला होता. हात बदलला की दंड बदलतो, हे तिच्याही डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. आम्ही दोघींनी त्याचा पंजा वाचवायच्या नादात एवढं साधं पाहिलं नाही. हे मला आजही छातीत सलतं.

"कुठंय ती?"

"घरात."

"कोणाजवळ?"

"कोणाजवळ कशाला? आई पोरींना घेऊन बहिणीकडे गेली. कुलूप लावून आलोय. पडू दे, अक्कल येईल."

"रक्त थांबलंय का?"

"मी काय डॉक्टर आहे?"

सिस्टरनं त्याचा उजवा पंजा उचलला. ड्रेसिंगला उचलतात तसाच, खालून आधार देऊन. तिचा अंगठा त्या दोन लाल खुंट्यांवर आला आणि तिनं दाबलं.

असा आवाज मी बाळंतपणाच्या खोलीतही ऐकला नव्हता. तो स्टुलावरून गुडघ्यांवर आला. सिस्टर त्याच्याबरोबर खाली वाकली, अंगठा हलवला नाही. टाक्यांमधून रक्त आलं, तिच्या मनगटावरून टेबलावर गळायला लागलं. दारात रांगेतल्या बायका गोळा झाल्या. कोणी 'सोडा' म्हणालं नाही.

"चावी," सिस्टर म्हणाली.

त्यानं तिला शिवी दिली. तिनं आणखी दाबलं. त्यानं डाव्या हातानं तिच्या तोंडावर ठोसा मारला, एक, दोन. तिचं नाक फुटलं. ती हलली नाही. आईबापावरून दिल्या जाणाऱ्या सगळ्या शिव्या संपल्यावर त्यानं खिशातून चावी काढून फेकली. ती औषधांच्या कपाटाखाली गेली. मी पोटावर आडवी होऊन ती काढली.

"म्हातारे, पळ," सिस्टर म्हणाली. "ड्रायव्हरला घे. स्ट्रेचर विसरू नकोस."

घर जवळच होतं, आणि दवाखान्याला त्या वर्षी स्वतःची गाडी मिळाली होती. कुलूप काढलं तर आत अंधार, खिडकीला फळी ठोकलेली. शिंपीण मशीनला टेकून बसली होती. शेजारी शिवण उसवायचं पातं पडलं होतं, तिचंच. तिनं मापं घ्यायच्या टेपनं दंड वर करकचून आवळला होता, दातांनी गाठ मारलेली, आणि जखमेत अस्तराचं कापड कोंबलं होतं. शाळेचे अर्धवट शिवलेले गणवेश, आकाशी रंगाचे, खाली पसरलेले, सगळे भिजलेले. ओठ पांढरे फटक. मला पाहिल्यावर म्हणाली, "मावशी, गणवेश उद्या द्यायचे होते."

गाडीत तिनं सांगितलं. सासूनं पाय धरले होते. तो पहिल्यांदा चुकीच्या जागी कापत गेला, कारण डाव्या हाताची सवय नव्हती. काडी दोनदा निसटली. सासू म्हणत होती, हळू, हळू, मशीनचा हात आहे.

नवरा तोवर आरागिरणीकडे पळाला होता. सिस्टरनं टेबल तयार ठेवलं होतं. नाकात कापूस कोंबून, तोंडानं श्वास घेत तिनं अस्तराचं कापड बाहेर काढलं. मी तोंड फिरवलं नाही, पण आजही शिवणीचं दुकान दिसलं की रस्ता बदलते. मांस कोपराकडे उभं फाडलेलं होतं, एका जागी आत पांढरं दिसत होतं. शीर वाचली होती, थोडक्यात. सिस्टर शिवायला बसली. बधिर केलं तरी शिंपीण मध्येच आखडायची.

तेवढ्यात दारावर पहिली लाथ बसली.

नवऱ्याचा थोरला भाऊ आरागिरणीतली माणसं घेऊन आला होता. 'आमच्या माणसाचा हात मोडला, बाहेर काढा त्या रांडेला' हे तर ऐकू येतच होतं. मग दगड. खिडकीची काच फुटून तुकडे माझ्या केसांत आले. रांगेतल्या बायकांना कंपाउंडरनं औषधांच्या खोलीत कोंडून घेतलं, आणि स्वतःही आतच राहिला, त्याला मी दोष देत नाही. मी आणि ड्रायव्हरनं लोखंडी कॉट दाराला लावली. ड्रायव्हर म्हणाला, गाडी दारातच उभी आहे, पण दारातूनच जावं लागेल.

सिस्टरनं शेवटचा टाका घातला, दोरा कापला, पट्टी बांधली. "मोठ्या दवाखान्यात रक्त चढवतील," ती शिंपिणीला म्हणाली. "तिथून भावाकडे जा. परत येऊ नकोस."

शिंपीण उठून बसली. तिनं आपल्या पांढऱ्या बोटांनी डावी बाही वर सरकवायला सुरुवात केली. सरकत नव्हती. मला म्हणाली, "मावशी, जरा ओढा."

"हे काय?" सिस्टर म्हणाली.

"इकडे घाला."

"वेडी झालीस का गं?"

"घाला."

दारावर फळीचे तडाखे बसत होते. कॉट इंच इंच मागे सरकत होती. सिस्टरनं कधी नाही ते दोन्ही हात मागे घेतले. एवढी धिप्पाड बाई, माणसं पायऱ्यांवरून फेकणारी, ती एक पाऊल मागे सरली. "नाही," ती म्हणाली. "माझ्या काडीपायी तुझा एक हात गेला. दुसरा मी देणार नाही. भावाकडे राहा म्हणजे झालं."

"माझा भाऊ तुम्ही पाहिलाय का?" शिंपीण म्हणाली. "बरा झाला हात की तोच मला परत आणून घालेल. महिना, दोन महिने. आणि परत आले की रात्री काय होणार ते तुम्हाला माहीत आहे. मग मी त्या टेबलावर येणार, आणि मावशी माझी गादी पुसणार."

"तो आधी दंडच चाचपेल तुझा!"

"चाचपू दे. कापू दे. सिस्टर, हात दोन आहेत, जीव एक आहे. तीन पोरी आहेत माझ्या. तुम्ही घालता की मी माझ्या हातानं घालू?"

खिडकीतून आलेला दगड ट्रेवर पडला आणि चिमटे खाली उडाले. सिस्टर माझ्याकडे वळून ओरडली, "बघत काय उभी राहिलीस म्हातारे, दुसरा ट्रे आण!" मी आणला. तिच्या नाकातून रक्त गळत होतं, ते शिंपिणीच्या दंडावर पडू नये म्हणून तिनं मान वाकडी धरली होती. बधिर केलं, थांबली, हत्यार सरकवलं, काडी सोडली, बोटांनी चाचपून पाहिली. कोणत्याही शांत मंगळवारी करावं तसं. पट्टी बांधली, बाही खाली ओढली, बाहीचं बटण लावलं.

मग तिनं सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला, कॉट पायानं बाजूला सारली आणि दाराची कडी स्वतःच काढली.

लोक म्हणतात ती मार खायला पुढे गेली, आमच्यासाठी ढाल झाली. साफ खोटं. ती मारायला गेली होती. पहिला दणका थोरल्या भावाच्या कानशिलावर बसला, दुसरा कोणाच्या तरी गुडघ्यावर, हाड मोडल्याचं मी ऐकलं. पण ते सात-आठ जण होते. फळीची कड तिच्या जबड्यावर बसली तेव्हा ती खाली बसली, आणि बसल्या जागेवरून एकाचा पाय धरून त्याला आडवा केला. तेवढ्यात मी आणि ड्रायव्हरनं शिंपिणीला गाडीत घातलं. गाडी निघाली तेव्हा मागच्या काचेतून मी पाहिलं, ते तिला लाथा घालत होते आणि तिनं हातातला स्टँड सोडला नव्हता.

जबडा दोन ठिकाणी मोडला, गळ्याचं हाड मोडलं, तीन फासळ्या. जगली. वर चौकशी बसली. उपचाराला आलेल्या माणसाची जखम मुद्दाम दाबली का, असं विचारलं. जबड्याला तारा बांधलेल्या, बोलता येत नव्हतं, तिनं मान हलवून 'हो' म्हटलं. नोकरी गेली. ज्यांनी तिला मारलं ते महिन्याभरात सुटून आले. गल्लीतल्या नवऱ्यांनी त्या आठवड्यात घरोघर बायकांचे दंड चाचपले. काही सापडल्या. त्यांचं काय झालं ते सांगायला माझी जीभ धजत नाही.

आणि शिंपीण म्हणाली होती तसंच झालं. उजवा हात खांद्याच्या वर जाईना, पण मशीन फिरवण्यापुरता बरा झाला, आणि भावानं तिला आणून घातलं. मी त्या दिवशी मुद्दाम तिकडून गेले. नंतर सिस्टरच्या घरी गेले. कंडक्टरानं दार उघडलं. ती खुर्चीत बसली होती, तारा अजून होत्या, पेल्यात नळी घालून चहा ओढत होती. अर्धी झाली होती.

मी सांगितलं. नवऱ्यानं उंबऱ्यातच तिचा डावा दंड धरला. सापडली. तर ही आत गेली, तेच पातं घेऊन आली, दारासमोर मशीन मांडून बसली, बाही वर केली आणि पातं त्याच्यापुढे धरलं. म्हणाली, "काप. पण इथे काप, दार उघडं ठेवून. या वेळी पोरीही बघतील." तिन्ही पोरी शेजारी उभ्या. गल्लीतल्या बायका दारादारात आल्या होत्या. हातातलं काम घेऊन, नुसत्या उभ्या. सासू आतून म्हणाली, बाहेर तमाशा कशाला. तो बराच वेळ त्या पात्याकडे बघत राहिला. मग त्यानं तिला एक लाथ घातली आणि गिरणीवर निघून गेला.

सिस्टरनं पेला खाली ठेवला. बोट फिरवून खूण केली, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. मग तारांमधून, दात न उघडता तिनं काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. तिनं पुन्हा विचारलं.

"लाथ कुठं बसली?"

"मांडीवर," मी म्हणाले.

"पोटात नाही?"

"नाही. मांडीवर. मी पाहिलं ना."

तिनं डोळे मिटले आणि खुर्चीत मागे टेकली. मीही सुस्कारा सोडला. दोन जाणत्या बायका, आणि लाथ मांडीवर बसली म्हणून आमचा जीव भांड्यात पडला. कंडक्टरानं विचारलं, चांगली बातमी आहे का? सिस्टर म्हणाली, हो. मग त्यानं मलाही चहा दिला.